तिसऱ्या काडतुसापुढची खुंटी

पाणलावा दलदलीतून उठतो तो घसा खरवडल्यासारखा ओरडत, आणि नागमोडी वळणं घेत दिसेनासा होतो. नेम चुकला की शिकाऱ्याचे हात लगेच पुढच्या बारासाठी शिवशिवतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ब्राउनिंगची पाच काडतुसांची स्वयंचलित बंदूक आली आणि ही हौस भागवणं फारच सोपं झालं. तोवर पाणपक्षी मारून शहरांच्या बाजारात विकणाऱ्यांनी थवेच्या थवे संपवत आणले होते.

म्हणून पक्षी वाचवण्यासाठी 1916 मध्ये अमेरिकेचा कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला, 1918 मध्ये त्यावर कायदा आला. स्थलांतरित पक्ष्यांची विक्री थांबली, शिकारीला हंगाम ठरला. पण तिशीच्या दशकात दुष्काळ पडला, तळी आटली, बदकं कमालीची घटली. 1934 मध्ये जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग हे व्यंगचित्रकार सरकारच्या जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. बदकांच्या शिकारीसाठी सक्तीच्या केलेल्या पहिल्या तिकिटाचं चित्रही त्यांचंच. किंमत एक डॉलर. पुढच्याच वर्षी, 1935 मध्ये, दाणे टाकून किंवा पाळीव बदकं बांधून पक्ष्यांना भुलवण्यावर बंदी आली आणि बंदुकीत तीनच काडतुसांची मुभा उरली.

खुंटीचा जन्म या तिनाच्या आकड्यातून झाला. नळीखाली काडतुसं साठवायची दुसरी नळी असते. तिच्यात लाकडाची साधी दांडी, म्हणजेच ही खुंटी, सरकवली की तिथे दोनच काडतुसं मावतात, तिसरं वरच्या नळीच्या बुडाशी. दांडी अखंड हवी आणि बंदूक खोलल्याशिवाय निघता कामा नये, हे नियमातच लिहिलं आहे. वनरक्षक नळीत काडतुसं सारून बघतो. तिसरं आत गेलं की गुन्हा. या साऱ्या नियमांत मला हाच सर्वांत शहाणा वाटतो. किती पक्षी मारले हे शिकारी लपवू शकतो, बंदुकीचं पोट लपवता येत नाही.

पाणलाव्याला तेवढंही पुरलं नाही. 1941 ते 1953 त्याची शिकार पूर्ण बंद ठेवावी लागली. आज अमेरिकेत माणशी दिवसाला आठ पाणलावे मारता येतात आणि खुंटी अजून सक्तीची आहे.

हिवाळ्यात हेच कूळ आपल्याकडे भातखाचरांत, तलावांच्या काठी उतरतं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनंतर भारतात परवाना काढूनही त्याची शिकार करता येत नाही. कुठे बार ऐकू आला तर वनखात्याला जरूर कळवा.