अवयवहानीनंतरची दुचाकी : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यास पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. ठाणे, डोंबिवली व कल्याण या शहरांची वाढ प्रामुख्याने याच लोहमार्गाच्या आधाराने झाली. परंतु ज्या गाडीने येथील चाकरमान्यास रोजगार दिला, तिच्याच उघड्या दारातून पडून किंवा रूळ ओलांडताना अनेकांनी आपले हातपाय गमावले. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन लोकलगाड्यांतून प्रवासी खाली पडले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तथापि अशा अपघातांची चर्चा बहुधा मृतांच्या संख्येपाशी आणि नुकसानभरपाईपाशी थांबते. जो वाचला तो पुन्हा घराबाहेर कसा पडला, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात दुचाकीच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे. या पुनरागमनाचे श्रेय सर्वस्वी व्यक्तीच्या जिद्दीस देण्याची आपली प्रथा अपुरी आहे. कृत्रिम पाय, वाहनाची रचना, कायदा आणि शहर या चार घटकांनी त्या जिद्दीची मर्यादा ठरविली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कृत्रिम पाय

महाराष्ट्रातील कृत्रिम अवयवांच्या इतिहासाचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. डोंबिवलीच्या रुग्णास तेथे जाण्यासाठी बहुधा पुन्हा त्याच लोकलचा आधार घ्यावा लागे, हा या इतिहासातील विपर्यास होय.

१९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेल्या ‘जयपूर फूट’मुळे परिस्थितीत मोठा फरक पडला. पाश्चात्त्य बनावटीच्या पायास बुटाची गरज असे. रबराच्या या पायाने अनवाणी चालणे, उकिडवे बसणे आणि मांडी घालणे शक्य झाले. १९८१ च्या अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन यांनी १९८४ मध्ये याच पायाने नृत्यमंचावर पुनरागमन केले. हे उदाहरण सर्वपरिचित आहे. परंतु कार्यालयात वेळेवर पोहोचू इच्छिणाऱ्या कारकुनाची गरज नृत्याची नव्हे, तर रोजच्या पाच-सहा किलोमीटरांची होती.

वाहनाची रचना

दुचाकी चारही अवयवांना स्वतंत्र काम देते. प्रचलित मोटारसायकलीत डाव्या हाताकडे क्लच, उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक, डाव्या पायाकडे गिअर आणि उजव्या पायाकडे मागचा ब्रेक असतो. म्हणून कोणता अवयव गेला यावर वाहन चालविण्याची शक्यता अवलंबून राहते. जुन्या बजाज स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत, तर मागचा ब्रेक व किक उजव्या पायाकडे असे. साहजिकच डावा पाय गमावलेल्यास ती तुलनेने सोयीची आणि उजवा पाय गमावलेल्यास गैरसोयीची होती. १९७२ मध्ये आलेल्या लुनाला गिअर नव्हते, परंतु ती सुरू करण्यास पेडल मारावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या कायनेटिक होंडाने ही अडचण दूर केली : गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात आणि बटणाने सुरू होणारे इंजिन. अपंगांचा विचार करून ही रचना झालेली नव्हती. तरीही तिचा मोठा लाभ त्यांना झाला. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंस जादा चाके बसविली की तोल सांभाळण्याचा प्रश्नही सुटत असे. मोटारसायकलीवरही पंजा व टाच या दोहोंनी दाबावयाचा गिअर गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्यास उपयुक्त ठरतो. कारण कृत्रिम पंजा वर उचलता येत नसला तरी संपूर्ण पाय खाली दाबता येतो. हात गमावलेल्यांना मात्र या प्रगतीचा लाभ फारच थोडा मिळाला; कारण गिअररहित वाहनाने पायांची कामेही हातांवरच सोपविली.

कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ची व्याख्या होती. असे वाहन अपंगासाठी खास रचलेले व बांधलेले असावे, केवळ फेरबदल केलेले नसावे, असा तिचा आशय होता. ही शब्दरचना ब्रिटिश परंपरेतून आलेली आहे. ब्रिटनमध्ये अशी वाहने कारखान्यात तयार होत असल्याने तेथे ती सार्थ होती. आपल्याकडे मात्र प्रत्यक्षात रस्त्यावर धावणारे वाहन म्हणजे गॅरेजमध्ये जादा चाके जोडलेली स्कूटर, अर्थात फेरबदल केलेलेच वाहन होते. जे उपलब्ध होते ते व्याख्येत बसत नव्हते आणि जे व्याख्येत बसत होते ते सहसा उपलब्ध नव्हते. ही विसंगती २०१९ च्या दुरुस्तीने दूर केली. तिने जुनी संज्ञा वगळून ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आणली आणि नियमानुसार फेरबदल केलेल्या वाहनाचाही तीत समावेश केला. तत्पूर्वी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ ने वाहनांतील फेरबदलांसाठी योजना आखण्याची जबाबदारी शासनावर टाकली होती. ज्या कारागिरांनी हे काम आधीच केले, त्यांच्या कौशल्यास कायद्याची मान्यता मिळण्यास तीन दशके लागली.

शहर आणि पूल

डोंबिवली व कल्याण ही शहरे लोहमार्गाने पूर्व-पश्चिम विभागलेली आहेत. पादचारी पुलाचे जिने चढू न शकणाऱ्यास वाहनपूल हाच मार्ग उरतो. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल २०१८ मध्ये पाडण्यात आला व नवा पूल २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ मध्ये बंद होऊन २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. इतरांसाठी हा काळ वाहतूककोंडीचा होता. कृत्रिम पायाने स्कूटर चालविणाऱ्यासाठी मात्र तो शहराचा अर्धा भाग दुरावण्याचा काळ ठरू शकत होता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अवयवहानीनंतरचे सक्रिय जीवन ही केवळ मनोबलाची कथा नाही. जिद्द १९७० मध्येही होती. परंतु बटणाने सुरू होणारी स्कूटर नव्हती. २००० मध्ये स्कूटर होती. परंतु कायद्याची व्याख्या प्रतिकूल होती. आज दोन्ही अनुकूल असताना प्रश्न उरतो तो पोहोचण्याच्या ठिकाणाचा. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १६ शैक्षणिक संस्थांच्या इमारती व परिसर सुगम असावेत असे सांगते. जादा चाकांची स्कूटर घेऊन विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकाशी येतो, तेव्हा ती उभी करण्यास पुरेशी रुंद जागा आहे काय आणि त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर तर नाही ना, हे पाहणे आपल्या हाती आहे. त्याच्या जिद्दीचा सत्कार करण्यापूर्वी त्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे अधिक उचित ठरेल.