आठ हजार नळ्यांचा आवाज

ऑर्गन म्हटले, की मराठी रसिकाच्या मनात संगीत नाटकांचा काळ जागा होतो. पायाने भाता चालवत साथ करणारा वादक आणि नांदीचे ते भारदस्त सूर. पण आपल्या रंगभूमीवरचा ऑर्गन म्हणजे पायपेटीचाच मोठा भाऊ. त्यात हवेने थरथरणाऱ्या पितळी पत्त्या असत, नळ्या नसत. ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले, ते मूळ वाद्य युरोपातल्या मोठमोठ्या चर्चमध्ये उभे आहे. ‘उभे आहे’ असेच म्हणायला हवे, कारण ते घरासारखे बांधावे लागते.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमधला ऑर्गन हा त्यांतला एक विख्यात. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी या कॅथीड्रलला आग लागली. छप्पर जळताना आणि उंच मनोरा कोसळताना जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. संगीताच्या जाणकारांना मात्र आणखी एक धास्ती होती. इथला आवाज पुन्हा ऐकायला मिळेल का?

ही धास्ती समजून घ्यायची, तर आधी हे वाद्य समजून घ्यायला हवे. या ऑर्गनमध्ये सुमारे आठ हजार नळ्या आहेत. सर्वांत मोठ्या नळ्या ३२ फुटी मापाच्या, म्हणजे तीन मजली घराएवढ्या. सर्वांत लहान नळ्या करंगळीहून लहान. एक नळी एकच सूर देते. काही नळ्या बासरीच्या जातीच्या. त्यांत हवा धारेवर आपटून सूर निघतो. काही पुंगीच्या जातीच्या; त्यांत धातूची पातळ पत्ती थरथरते. एकाच जातीच्या, चढत्या सुरांच्या नळ्यांची रांग असते आणि तिला बोलते करणारी कळ म्हणजे स्टॉप. इथे असे ११५ स्टॉप आहेत. वादकापुढे पट्ट्यांचे पाच थर, शिवाय पायांनी वाजवायच्या पट्ट्या वेगळ्या.

पियानोची पट्टी जोरात दाबली, की आवाज मोठा होतो. ऑर्गनवर तसे होत नाही. पट्टी दाबून धरली, तर सूर न मावळता तसाच राहतो. गवयाचा दम संपतो, बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागतो. ऑर्गनला थांबण्याचे कारणच नाही. म्हणून वादकाचे कसब लागते ते कोणते स्टॉप एकत्र करायचे आणि पट्टी नेमकी केव्हा सोडायची यात. सर्वांत खालच्या सुराची कंपने सेकंदाला सोळाच्या आसपास असतात. तो कानापेक्षा छातीला आणि बसलेल्या बाकाला अधिक कळतो.

यात आणखी एक भागीदार आहे, ती म्हणजे इमारत. वादकाने हात उचलला तरी नोत्र दामच्या दगडी कमानींत सूर सहा-सात सेकंद घुमत राहतो. घाईने वाजवले तर सगळा काला होतो. इथल्या वादकाला दोन सुरांमधली जागाही मोजून ठेवावी लागते. वाद्य जितके नळ्यांचे, तितकेच ते कमानींचे. त्यामुळे नळ्या वाचल्या, तरी आवाज वाचला असे म्हणता येत नव्हते.

हा आवाज एका माणसाने घडवलेला नाही. १७३० च्या दशकात फ्रांस्वा तिएरी याने इथे मोठा ऑर्गन बांधला, पुढे क्लिको याने तो वाढवला. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, कॅथीड्रलचे ‘बुद्धीचे मंदिर’ झाले. दर्शनी भागावरच्या राजांच्या पुतळ्यांची डोकी उडवली गेली, बहुतेक घंटा वितळल्या. ऑर्गन मात्र वाचला. क्रांतीची गीते वाजवण्याच्या कामी आला म्हणून वाचला, असे सांगतात.

आज आपण ज्याला नोत्र दामचा आवाज म्हणतो, त्याला रूप दिले ते आरिस्तीद कावाये-कोल या कारागिराने. जन्म १८११ चा, घराणे ऑर्गन बांधणाऱ्यांचे. तरुणपणी त्याने पत्त्यांवर वाजणारे एक छोटे वाद्य तयार केले होते. आपल्या पेटीच्या पूर्वजांपैकीच ते एक. ते तुलूझ शहरात रॉसिनी या प्रख्यात संगीतकाराने ऐकले आणि त्याला पॅरिसला जायचा सल्ला दिला. १८६८ मध्ये कावाये-कोलने नोत्र दामचा ऑर्गन ८६ स्टॉपचा करून दिला. पूर्वी मोठ्या ऑर्गनच्या पट्ट्या दाबायला फार जड जात. बार्कर या इंग्रज कारागिराच्या युक्तीने बोटांचे ओझे छोट्या भात्यांवर टाकता आले. मग एकाच माणसाच्या हातात अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज आला. पण जुन्या चांगल्या नळ्या कावाये-कोलने फेकल्या नाहीत. अठराव्या शतकातल्या नळ्या त्याच्या नव्या नळ्यांबरोबर गाऊ लागल्या.

या वाद्यावर जीव टाकणाऱ्यांत लुई व्हियेर्नचे नाव पहिले. जन्मापासून दृष्टी जवळजवळ नाही. १९०० मध्ये तो इथला वादक झाला. ऑर्गनची दुरवस्था पाहून, दुरुस्तीसाठी निधी उभा करायला १९२७ मध्ये त्याने अमेरिकेचा दौरा केला. २ जून १९३७ रोजी याच ऑर्गनवर कार्यक्रम चालू असताना तो कोसळला आणि गेला. त्याचा पाय एका पट्टीवर पडला आणि तो एकच खर्जाचा सूर कॅथीड्रलभर घुमत राहिला, असे सांगतात.

नंतर विजेची यंत्रणा आली, संगणक आला. आणि मग आग. ऑर्गन जळाला नाही, पाण्यानेही फारसा भिजला नाही. पण छपरावरचे शिसे वितळून त्याची विषारी धूळ नळ्यानळ्यांत बसली. कमानींना भगदाडे पडल्याने घुमाराही बदलला. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑर्गन उतरवायला सुरुवात झाली. नळ्या वेगवेगळ्या कारखान्यांत जाऊन स्वच्छ होऊन आल्या. त्या पुन्हा जागी बसल्यावर २०२४ मध्ये एकेक नळी सुरात लावण्याचे काम काही महिने चालले, तेही रात्री. दिवसा गवंडी आणि सुतारांच्या आवाजात सूर लागणार कसा? दरम्यान कमानीही पूर्वीसारख्या दगडी बांधल्या गेल्या. आगीपूर्वी शास्त्रज्ञांनी घुमाऱ्याची मोजमापे घेऊन ठेवली होती, त्यांचाही आधार मिळाला.

७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथीड्रल पुन्हा उघडले. आर्चबिशपने ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि प्रत्येक वेळी वादकांनी त्या क्षणी सुचेल ते वाजवून उत्तर दिले. चौघे वादक आळीपाळीने वाजवत होते. काही श्रोत्यांना ते सूर कर्कश वाटले. पण आयत्या वेळी रचून वाजवणे हीच इथली जुनी परंपरा आहे. आपल्याकडच्या मैफलीला ती परकी वाटू नये.

तोच आवाज परत आला का? सुमारे तीनशे वर्षांत तो कधीच जसाच्या तसा राहिला नव्हता. प्रत्येक पिढीने जुन्या नळ्या ठेवल्या, नव्या जोडल्या आणि वाजवणे सुरू ठेवले. पॅरिसला जाणे झाले, तर रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी नोत्र दाममध्ये मागच्या बाजूला उभे राहा. शेवटचा सूर थांबला की लगेच निघू नका, कारण तो सहा-सात सेकंद अजून वाजत असतो.