सौर हायड्रोजनची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सूर्यप्रकाशापासून वीज, विजेच्या साह्याने पाण्यातून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज, हे चक्र आज नवे तंत्रज्ञान म्हणून मांडले जाते. वस्तुतः त्याचे सर्व टप्पे जुने आहेत. ते व्यवहारात रुजण्यास इतका विलंब का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रयोगाकडून वापराकडे

इ. स. १८०० मध्ये विल्यम निकोल्सन व अँथनी कार्लाइल यांनी विजेच्या साह्याने पाण्याचे विघटन केले. १८९१ मध्ये डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील अध्यापक पॉल ला कूर यांनी विजेसाठी पवनचक्की उभारली. वारा पडल्यावर प्रकाश कोठून आणावयाचा, या अडचणीवर त्यांनी हायड्रोजन साठविण्याचा उपाय योजला आणि काही वर्षे शाळेचे दिवे त्या वायूवर चालविले. वारा हेही सौर ऊर्जेचेच रूप होय.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट तयार झाला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट राज्य विद्यापीठाने आपल्या सागरी प्रयोगशाळेत सौर हायड्रोजन प्रकल्प हाती घेतला. मत्स्यटाक्यांना हवा पुरविणारे यंत्र दिवसा सौर विजेवर व रात्री साठविलेल्या हायड्रोजनवर चालविण्याची ही योजना होती. ला कूर यांच्यासमोरील प्रश्न तोच होता. केवळ साधने बदलली होती.

भारताचा अनुभव

भारतात १९६० च्या दशकाच्या आरंभी नांगल येथील खत कारखान्यात भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या जलविद्युतेवर पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळविला जात असे. पुढे मात्र या कारखान्याने इंधन तेलाचा व त्यानंतर नैसर्गिक वायूचा अवलंब केला. स्वच्छ मार्ग ज्ञात असूनही तो मागे पडला, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

समारोप

एक किलो हायड्रोजनसाठी प्रत्यक्षात साधारणतः ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यामुळे या इंधनाचे भवितव्य प्रामुख्याने विजेच्या दरावर अवलंबून राहते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वार्षिक किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. नांगलचा अनुभव लक्षात घेता, स्वस्त सौर वीज व तिची साठवणूक यांची सांगड घातली गेली, तरच हे उद्दिष्ट टिकाऊ ठरेल, असे म्हणता येईल.