उसातला वाघ : जुन्नर-आंबेगावच्या बिबट्याचा इतिहास

१/ जुन्नर, आंबेगाव किंवा शिरूरमध्ये बिबट्याचा हल्ला झाला की समाजमाध्यमांवर दोन वाक्ये हमखास वाचायला मिळतात. पहिले : ‘जंगले तुटली, म्हणून बिचारा बिबट्या गावात आला.’ दुसरे : ‘त्याला पकडून जंगलात नेऊन सोडा.’ पहिल्यात प्राण्याविषयी कणव आहे, दुसऱ्यात माणसाविषयी. मात्र या परिसराचा इतिहास पाहिला तर पहिले वाक्य अपुरे ठरते, आणि दुसरे तर माणसांच्या जिवावर उठलेले आहे. हा धागा त्याविषयी. थोडा लांबेल, सांभाळून घ्यावे.

२/ आधी भूगोल. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा : नाणेघाट, माळशेज, आहुपे, भीमाशंकर. तिथे पाऊस धो-धो पडतो, झाडी दाट, वस्ती विरळ आणि बहुतांशी महादेव कोळी व ठाकर समाजांची. पूर्वेकडे उतरत गेलो की कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी उघडत जातात आणि नारायणगाव, मंचरपाशी सपाट, काळी, बागायती जमीन लागते. जुन्या काळी या दोन टोकांच्या मधला मोठा पट्टा जिरायतीचा आणि कुरणांचा होता. बिबट्याची आजची गोष्ट पश्चिमेच्या जंगलात कमी आणि या पूर्वेच्या सपाटीवर अधिक घडते. सगळ्या चर्चेत हीच बाब विसरली जाते.

३/ हा गुराढोरांचा मुलूख फार जुना. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेची जी यादी आहे, तिच्यात गायींचे आकडे हजारांत आहेत. राजघराण्याच्या प्रशस्तीतले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत हे खरे. पण दानाचे माप गायींत मोजले जात होते, एवढे तरी त्यातून नक्की कळते. आणि जिथे गुरे, तिथे त्यांच्यावर नजर ठेवणारे मोठे मांजरही आलेच.

४/ त्या मांजराशी इथल्या माणसाने केलेला सर्वांत जुना करार म्हणजे वाघोबा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात रानाच्या कडेला शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड किंवा कोरीव फळी आढळते. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, इतरत्र वसुबारस असते. महादेव कोळ्यांच्या गावांत त्याच दिवशी वाघबारस असते. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच तिथीला यावी, हा योगायोग मला तरी वाटत नाही. या पूजेमागची मागणी साधी आहे : तू आहेस हे आम्हाला मान्य आहे, आमची गुरे-वासरे राख.

५/ एक भाषिक टीप. गावात आजही बिबट्याला सर्रास ‘वाघ’ म्हणतात. पट्टेरी वाघ या डोंगरांतून गेला, तरी नाव मागे उरले आणि ते ठिपकेवाल्याला मिळाले. त्यामुळे जुन्या कागदांत वा तोंडी आठवणींत ‘वाघ’ आला की तो कोणता, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

६/ इंग्रजी अमलात हा करार सरकारदरबारी रद्दच झाला. वाघ, बिबट्या आणि लांडगा हे ‘उपद्रवी’ ठरले आणि त्यांना मारणाऱ्यास रोख इनाम मिळू लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. दुसऱ्या बाजूला १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले. म्हणजे रान सरकारचे, त्यातला वाघ सरकारचा शत्रू आणि त्या रानावर जगणारा माणूस तिथे उपरा.

७/ याच काळाच्या आरंभी एक वेगळे पात्र भेटते : कर्नल विल्यम सायक्स. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी गोळा करायला नेमले होते. जमीन, महसूल आणि पिके मोजता मोजता तो पक्षी नि प्राणीही नोंदवत गेला. १८३१ मध्ये त्याने सह्याद्रीतल्या एका मोठ्या, तांबूस खारीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव दिले. ती म्हणजे आपली शेकरू, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ज्या झाडाझाडांवर ती उड्या मारत होती, तिथल्या लोकांनी तिला आधीच नाव दिलेले होते, हे वेगळे सांगायला नको.

८/ मग हे रान टिकले कसे? मोठा वाटा देवरायांचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्या शास्त्रीय नकाशावर आणल्या. आंबेगाव तालुक्यातील आहुप्याची भैरवनाथाची देवराई त्यांतली नामांकित. देवराईचा दंडक कडक असतो : हिरवे झाड तोडायचे नाही, अनेक ठिकाणी तर पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. शेजारच्या रानात मात्र हिरडा गोळा करायचा, कारण घरखर्च त्यावर. एक रान देवाचे, एक पोटाचे. ही विभागणी कोणत्याही कायद्याहून जुनी आहे.

९/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इनामांचे युग संपवले. बिबट्याला आज त्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण आहे. १९८५ मध्ये भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले : सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले. अनेक जण भीमाशंकरला ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणतात. ते तसे नाही. राष्ट्रीय उद्यानात चराई व स्थानिकांचे हक्क जवळजवळ संपतात, अभयारण्यात काही हक्क राहू शकतात. हा फरक कागदी वाटेल, पण आत वसलेल्या गावांसाठी तो चुलीचा प्रश्न असतो.

१०/ आता पूर्वेकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प आला : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे. डिंभे धरण घोड नदीवरचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गावच त्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे आणि नाव बुडालेल्या गावाचे.

११/ धरणांतून कालवे निघाले, कालव्यांमागून ऊस आला, उसामागून जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कोरडवाहू माळ हिरवा झाला. अनेक घरांतल्या पोरांच्या शाळा-कॉलेजांची फी याच पाण्यातून आली, हे विसरून चालणार नाही. पण बिबट्याच्या नजरेने हा बदल पाहा. पुरुषभर उंच, दाट, ओले पीक, वर्षभर उभे, आत माणूस क्वचितच जाणारे, आणि काठावर वस्त्या, त्यांत कुत्री, शेळ्या, वासरे, डुकरे. आडोसा, पाणी आणि अन्न एकाच ठिकाणी. जंगल तुटल्यामुळे तो इथे आला असे म्हणण्यापेक्षा, आपण त्याच्यासाठी नवे रान पेरले असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाते. या उसात जन्मलेल्या कित्येक बिबट्यांनी भीमाशंकरचे जंगल कधी पाहिलेलेही नसणार.

१२/ याला पुरावा आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसे राहतात, अशा शेतीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातून कळले की आहाराचा सर्वांत मोठा हिस्सा, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के, गावकुत्र्यांचा होता. शेळीचा वाटा त्याहून बराच कमी.

१३/ आणि आता या धाग्यातला सर्वांत कटू भाग. नव्वदच्या दशकात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ल्यांचे सरासरी प्रमाण वर्षाला सुमारे चार होते. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे, जंगलांत, सोडण्याची मोहीम सुरू झाली. हेतू स्वच्छ होता : गावे सुरक्षित व्हावीत, प्राणीही जगावा. पण हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले, आणि ते पूर्वीपेक्षा जास्त जीवघेणे ठरले. अत्रेय, ओडेन, लिनेल आणि कारंथ यांनी २०११ मध्ये हा हिशेब मांडला.

१४/ असे का व्हावे? पकडला जाणारा बिबट्या बहुधा माणसाला न छेडणाराच असतो. पिंजऱ्यात कोण अडकेल हे पिंजरा ठरवत नाही. त्याला अनोळखी मुलखात सोडले की तो घराकडे निघतो, वाटेत परक्या वस्त्यांतून, भुकेला आणि बिथरलेला. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण नर बळकावतो. म्हणजे एका गावाचा प्रश्न सुटत नाही आणि दुसऱ्या गावात नवा उभा राहतो. माझ्या मते अलीकडच्या महाराष्ट्राच्या पर्यावरणीय इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि तो शालेय पुस्तकात नसावा याचे आश्चर्य वाटते.

१५/ या घरओढीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘आजोबा’. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला हा वयस्क नर बाहेर काढला गेला, त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला गेला आणि त्याला माळशेज घाटात सोडले गेले. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडत, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस एका वाहनाच्या धडकेत तो मेला. शरीरातल्या चिपमुळे ओळख पटली. पुढे त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला.

१६/ २०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्या-मानव संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला आळा घालण्यास सांगितले. मग पकडलेल्यांचे काय? जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र हे त्याचे एक उत्तर. ते वनविभागाचे, २००७ पासून ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था तिथली देखभाल पाहते. पण जे पुन्हा सोडता येत नाहीत, ते आयुष्यभर तिथेच राहतात. पिंजरे वाढवून प्रश्न सुटला असता, तर तो केव्हाच सुटला असता.

१७/ प्रश्न सुटलेला नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. बिबट्यांच्या नसबंदीची मागणी पुढे आली. शेतात जाताना गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घातलेल्या बायकांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. शहरात बसून ‘सहजीवन’ हा शब्द लिहिताना ती छायाचित्रे समोर ठेवावीत.

१८/ कारण धोका सर्वांना सारखा नसतो. उसाच्या फडाशेजारी पाल टाकून राहणारे ऊसतोड मजूर, घराबाहेर अंधारात शौचाला जावे लागणारी बाई, रात्री बारानंतर वीज येते म्हणून मोटार सुरू करायला बांधावर जाणारा शेतकरी, ओट्यावर खेळणारे मूल : हल्ल्याच्या वाटेवर हीच माणसे असतात. म्हणून ‘शेतीला दिवसा वीज द्या’ ही या पट्ट्यातली जुनी मागणी मला वन्यजीव संरक्षणाचीच मागणी वाटते.

१९/ गावात पाळली जाणारी पथ्ये साधी आहेत, पण त्यामागे ठोस कारणे आहेत. वाकलेले किंवा बसलेले माणूस बिबट्याला जनावराएवढे दिसते, म्हणून संध्याकाळनंतर उसाकडेला एकट्याने बसू नये. मुलांना अंधारात पुढे वा मागे एकटे सोडू नये. हातात विजेरी आणि काठी, मोबाइलवर मोठ्याने गाणी. शेळ्यांना वरूनही बंद असलेला गोठा. वस्तीजवळ मेलेली जनावरे आणि उकिरडा नको, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. बिबट्या दिसला तर पळू नये, पाठ फिरवू नये. उभे राहून, आवाज करत हळूहळू मागे सरावे. आणि तो विहिरीत किंवा घरात अडकला असेल तर गर्दी करू नये. कोंडलेल्या बिबट्याभोवती शे-दोनशे माणसे जमली की जखमी होणाऱ्यांची संख्या गर्दीच वाढवते. वनविभागाला कळवावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी.

२०/ भीमाशंकर, आहुपे किंवा नाणेघाटला भटकायला जाणाऱ्या मित्रांसाठीही थोडे. शेकरूला बिस्किटे घालू नका; आयते खाणे मिळाले की ती जमिनीवर उतरते आणि कुत्र्यांच्या तोंडी सापडते. देवराईत शिरताना गावकऱ्यांना विचारा, तिथून काहीही उचलू नका. पावसाळ्यात कड्याच्या टोकावर आणि धबधब्यांच्या निसरड्या कातळावर जाऊ नका. या डोंगरांत पर्यटकाला बिबट्यापेक्षा शेवाळाचा धोका कितीतरी मोठा आहे. अंधार पडल्यावर घाटरस्त्याला गाडी हळू चालवा. आजोबा कशाने गेला ते वर आलेच आहे.

२१/ शेवटी हंगामाविषयी. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात, कोयते चालू लागतात आणि फड मोकळे होऊ लागतात. त्यात बिबट्याची बछडी सापडतात. मादीने उसातच घर केलेले असते. पूर्वी बछडी उचलून नेली जात आणि आई त्यांच्या शोधात चवताळून वस्तीभोवती फिरे. आता सापडल्यावर तोड थांबवतात. वनकर्मचारी आणि माणिकडोहचे डॉक्टर येतात, पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी एका खोक्यात ठेवतात. सगळे दूर जाऊन थांबतात, बाजूला एक कॅमेरा लावलेला असतो. बहुतेकदा रात्रीतून आई येते, खोके पाडते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून शेजारच्या, अजून न तोडलेल्या फडात घेऊन जाते. सकाळी मजूर पुन्हा कामाला लागतात, त्या फडापासून जरा लांब.