ग्राफिक्स कार्डचे ओव्हरक्लॉकिंग

ग्राफिक्स कार्डचे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे संगणकातील ग्राफिक्स कार्डवरील प्रक्रियक किंवा मेमरी उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेने चालवणे होय. व्हिडिओ गेम खेळताना प्रतिसेकंद अधिक फ्रेम मिळाव्यात, हा त्यामागील मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

एकाच सिलिकॉन चकतीपासून बनलेल्या सर्व चिप सारख्याच क्षमतेच्या नसतात. त्यांतील कमी क्षमतेची चिपही निर्धोक चालावी, अशा बेताने उत्पादक वारंवारता ठरवतात. त्यामुळे चांगल्या चिपमध्ये काही क्षमता शिल्लक राहते. ती वापरून घेणे हा ओव्हरक्लॉकिंगचा पाया आहे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा मुख्य प्रक्रियक बसची वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केल्यास ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालू शके. त्यामुळे तो हौशी वापरकर्त्यांत गाजला.

ग्राफिक्स कार्डांत एवढी शिल्लक आता क्वचितच आढळते. २०१२ साली एनव्हिडियाने जीफोर्स जीटीएक्स ६८० या कार्डात 'जीपीयू बूस्ट' हे तंत्र आणले. त्यानुसार तापमान व वीजवापर मर्यादेत असेपर्यंत कार्ड स्वतःच वारंवारता वाढवते. परिणामी वापरकर्त्याला मिळणारा जादा लाभ बहुधा काही टक्क्यांपुरताच उरतो.

कार्यपद्धती

एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या आज्ञावलीतून वारंवारता टप्प्याटप्प्याने वाढवून दर टप्प्यावर चाचणी घेतली जाते. पडद्यावर ठिपके किंवा रेषा दिसू लागल्यास अथवा गेम बंद पडल्यास मागील टप्प्यावर परततात. जीडीडीआर५ व त्यानंतरच्या मेमरीत माहितीच्या देवाणघेवाणीतील चूक ओळखून ती माहिती पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मेमरीची वारंवारता प्रमाणाबाहेर वाढवल्यास दृश्य दोष न दिसताही वेग घटू शकतो. म्हणून स्थैर्याबरोबर प्रत्यक्ष फ्रेमही मोजणे आवश्यक ठरते.

मर्यादा व धोके

चिपचा गतिक वीजवापर वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता १० टक्के व व्होल्टेज ५ टक्के वाढवल्यास हा वीजवापर सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. वाढीव उष्णतेमुळे पंख्यांचा आवाज वाढतो. जादा व्होल्टेज व तापमान दीर्घकाळ राहिल्यास चिपमधील सूक्ष्म धातुवाहिन्यांची झीज होऊन तिचे आयुष्य घटते.

कार्डाची निवड

ओव्हरक्लॉकिंगने कार्डावरील मेमरीची क्षमता वाढत नाही. मेमरी अपुरी पडल्यास गेम अडखळत चालतो; म्हणून खरेदीच्या वेळी पडद्याचे रिझोल्यूशन आणि त्यास पुरेशी मेमरी यांचा विचार प्रथम केला जातो. त्यानंतर एसएमपीएसची क्षमता, कॅबिनेटमधील जागा व हवा खेळती राहण्याची सोय पाहावी लागते. मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कमाल ७५ वॅट, तर ८ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॅट वीज मिळते.

२०२२ साली आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ४०९० या कार्डाची मेमरी २४ जीबी असून त्याचा वीजवापर ४५० वॅट आहे. त्याच्या १६ पिनांच्या वीजजोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या. जोडणी पूर्णपणे आत न बसणे हे त्यामागील एक सामान्य कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढे या जोडणीची सुधारित आवृत्ती निघाली.

अंडरव्होल्टिंग

वारंवारता जवळपास तीच ठेवून व्होल्टेज कमी करण्यास अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यामुळे वीज व उष्णता दोन्ही घटतात. तापमान किंवा वीजवापराच्या मर्यादेमुळे मंदावणाऱ्या कार्डाचा वेग या उपायाने काहीसा वाढतोही. मात्र व्होल्टेज अपुरे पडल्यास गेम बंद पडू शकतो. त्यामुळे येथेही टप्प्याटप्प्याने चाचणी घ्यावी लागते.