ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, तरी हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. कोण आहे जॉन रँडल?

कपड्यांच्या आत लोखंडी साखळी लपवून एक तरुण वजनकाट्यावर उभा राहिला. त्याला वजन जास्त दाखवायचं होतं. कारण टीमने सरळ सांगितलं होतं, २५० पाउंड, म्हणजे साधारण ११३ किलो वजन भरलं तरच करार होईल. त्याचं वजन त्याहून काही पाउंड कमी होतं.

हा किस्सा १९९० सालचा. टीम होती अमेरिकेतली मिनेसोटा व्हायकिंग्स आणि तो तरुण होता जॉन रँडल. साखळीच्या जोरावर करार मिळवणारा हा खेळाडू पुढे १४ सीझन खेळला आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह टॅकल्समध्ये गणला गेला.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक टीमचे ११ खेळाडू मैदानात असतात. बॉल ज्या टीमकडे असतो, तिचा क्वार्टरबॅक डाव चालवतो. तो बॉल लांब फेकतो किंवा धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात देतो. सुपर बाउलच्या रील्समध्ये दिसणारे हिरो बहुतेक हेच.

या क्वार्टरबॅकसमोर पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते. तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. ती भिंत फोडून आत घुसायचं काम समोरच्या डिफेन्सिव्ह लाइनचं. त्यातले कडेचे खेळाडू डिफेन्सिव्ह एंड आणि मधले डिफेन्सिव्ह टॅकल. रँडल मधला.

क्वार्टरबॅकने बॉल फेकण्याआधीच त्याला मागच्या मागे पाडलं की त्याला सॅक म्हणतात. सॅक झाला की टीमला मागे सरकावं लागतं आणि डाव बिघडतो. दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक लागतो.

कडेच्या खेळाडूला वळसा घालून धावायला मोकळी जागा मिळते. मधल्याला ती नसते. त्याला गर्दीतूनच वाट काढावी लागते आणि अनेकदा दोन-दोन जण मिळून त्याला अडवतात. म्हणूनच मधल्या जागेवरून सॅक मिळवणं जास्त अवघड मानलं जातं.

'हा फार लहान आहे'

जॉन रँडलचा जन्म १२ डिसेंबर १९६७चा. टेक्सासमधल्या हर्न या छोट्या गावाच्या परिसरात तो वाढला. घरची परिस्थिती हलाखीची होती. आईने एकटीने तीन मुलांना वाढवलं आणि जॉन लहानपणापासून मिळेल ती कामं करायचा.

थोरला भाऊ अर्विन रँडल आधीच एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला होता. तो टॅम्पा बे बकनिअर्सकडून खेळायचा. जॉन मात्र किंग्सविलच्या टेक्सास ए अँड आय विद्यापीठात खेळत होता. हे विद्यापीठ कॉलेज फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतलं. मोठ्या श्रेणीतल्या कॉलेजांना मिळणारी प्रसिद्धी तिथल्या खेळाडूंच्या वाट्याला येत नव्हती.

एनएफएलमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. टीम आळीपाळीने कॉलेजच्या खेळाडूंची निवड करतात. १९९०च्या ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्या झाल्या आणि तीनशेहून जास्त खेळाडू निवडले गेले. रँडलचं नाव एकाही फेरीत आलं नाही.

त्याची उंची ६ फूट १ इंच होती. एरवी हा माणूस कुठेही दांडगाच दिसला असता. पण लाइनमध्ये समोर उभे राहणारे खेळाडू ३०० पाउंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या आसपासचे असायचे. भावाच्या टीमनेही त्याची चाचणी घेतली आणि तो लहान आहे म्हणून नाकारलं. मग व्हायकिंग्सकडून २५० पाउंडांची अट आली, आणि साखळीही.

कमी वजनाचाच फायदा कसा झाला?

पहिल्या सीझनमध्ये त्याला मिळाला फक्त १ सॅक. दुसऱ्या सीझनमध्ये आकडा ९.५वर गेला.

१९९२मध्ये टीमची सूत्रं डेनिस ग्रीन यांच्याकडे आली. बचावाची जबाबदारी टोनी डंजी यांच्याकडे होती आणि डिफेन्सिव्ह लाइनला जॉन टियरलिंक शिकवायचे. क्वार्टरबॅकपर्यंत वेगाने कसं पोहोचायचं, हा टियरलिंक यांचा हातखंडा विषय होता.

लाइनवरची झुंज फक्त वजनाची नसते. जो खाली वाकून समोरच्याच्या छातीखाली शिरतो, तो त्याला वर उचलून मागे ढकलू शकतो. बॉल हलताच पहिलं पाऊल कोण टाकतो, समोरच्याचे हात कोण आधी झटकतो, यावरही बरंच ठरतं. रँडलला वाकून शिरणं सोपं जायचं आणि त्याचं पहिलं पाऊल विजेसारखं पडायचं. समोरचा सावरेपर्यंत तो बाजूने निसटलेला असायचा.

त्यानंतर १९९२ ते १९९९ अशी सलग ८ वर्षं त्याने दरवर्षी १० किंवा त्याहून जास्त सॅक केले. १९९७मध्ये तर १५.५ सॅकसह तो संपूर्ण एनएफएलमध्ये पहिला आला, तेही मधल्या जागेवरून खेळून.

तोंडही तेवढंच चालायचं

रँडल डोळ्यांखाली काळा रंग फासून मैदानात उतरायचा आणि समोरच्याशी अखंड बोलत राहायचा. त्यासाठीही तो अभ्यास करून यायचा. टीम पत्रकारांसाठी खेळाडूंच्या माहितीची पुस्तिका काढतात. त्या वाचून तो समोरच्या खेळाडूची खासगी माहिती पाठ करायचा आणि ऐन सामन्यात त्याला ऐकवायचा.

ग्रीन बे पॅकर्सचा स्टार क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह हा त्याचं आवडतं लक्ष्य. दोघांची जुगलबंदी इतकी गाजली की नायकेने त्यावर जाहिरात केली. त्यात रँडल फार्व्हचा ४ नंबर लावलेल्या कोंबडीच्या मागे धावताना दिसतो.

जे मिळालं नाही

१९९८चा सीझन व्हायकिंग्ससाठी स्वप्नासारखा होता. १६पैकी १५ सामने जिंकून टीमने ५५६ गुण केले, जो तेव्हाचा विक्रम होता. सुपर बाउल फक्त एक सामना दूर होता.

१७ जानेवारी १९९९ला घरच्या मैदानावर अटलांटा फाल्कन्सविरुद्धची ती लढत झाली. सीझनभर एकही किक न चुकलेला किकर गॅरी अँडरसन शेवटच्या काही मिनिटांत चुकला. फाल्कन्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३०-२७ने सामना जिंकला. रँडल पुढेही सुपर बाउल कधीच जिंकू शकला नाही.

२०००च्या सीझननंतर त्याने मिनेसोटा सोडलं आणि तो सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे गेला. तिशी ओलांडलेल्या रँडलने तिथल्या पहिल्याच वर्षी ११ सॅक केले. २००३च्या सीझननंतर तो निवृत्त झाला.

आकडे काय सांगतात?

- एकूण सॅक: १३७.५ (व्हायकिंग्सकडून ११४, सीहॉक्सकडून २३.५)
- प्रो बाउल, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड: ७ वेळा
- वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात: ६ वेळा, १९९३ ते १९९८ सलग
- १९९०च्या दशकाच्या सर्वोत्तम संघातही स्थान

सॅकची अधिकृत नोंद १९८२पासून ठेवली जाते. तेव्हापासून प्रामुख्याने डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून खेळलेल्या कुणालाही रँडलइतके सॅक करता आलेले नाहीत.

२०१०मध्ये ओहायोतल्या कँटनमध्ये त्याला प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये सामील करण्यात आलं. समारंभात त्याची ओळख करून दिली ती त्याचे जुने प्रशिक्षक टियरलिंक यांनी. त्याच दिवशी एमिट स्मिथलाही हा मान मिळाला. एनएफएलच्या इतिहासात बॉल घेऊन सर्वाधिक यार्ड धावलेला खेळाडू तो हाच.

स्मिथसुद्धा १९९०च्याच ड्राफ्टमधला. पहिल्याच फेरीत १७व्या क्रमांकावर डॅलस काउबॉईजने त्याला निवडलं होतं. त्या यादीत रँडलचं नाव शेवटपर्यंत नव्हतं. वीस वर्षांनी मात्र दोघं एकाच मंचावर उभे होते.