विमान, उन्हाळा आणि धावपट्टीचे टोक

मुकुंदवाडी ही छत्रपती संभाजीनगरच्या (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) पूर्व अंगाची वस्ती. एका बाजूला जालना रस्ता, दुसरीकडे छोटे रेल्वे स्थानक आणि पलीकडे चिकलठाणा विमानतळ. इथल्या मुलांना विमानाचे अप्रूप नाही. मात्र धावपट्टी वाढवण्याची चर्चा निघाली की मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि मूर्तिजापूर या भागांतील जमिनींचा विषय निघतो, आणि मग घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : विमानाला एवढी लांब धावपट्टी लागते तरी कशाला? प्रश्न घराजमिनीचा असला तरी त्याचे अर्धे उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात आहे. ते समजण्यासाठी एकाच बनावटीच्या विमानाचे दोन ठिकाणचे अनुभव शेजारी ठेवून पाहू.

हे विमान म्हणजे बोइंग ७३७-२००. ते १९६७ साली प्रथम उडाले आणि १९७० च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आले. शंभर-सव्वाशे प्रवाशांचे हे जेट जवळच्या पल्ल्यासाठी बनवलेले होते. त्याची इंजिने बारीक असून पंखाला अगदी चिकटून बसवलेली असत.

हेच विमान कॅनडाच्या उत्तर टोकाकडील वस्त्यांचा आधार बनले. रेझोल्यूट हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरेच वर, ७४ अंश उत्तर अक्षांशापलीकडे आहे. दक्षिणेकडून तिथे रस्ता जात नाही, रेल्वे जात नाही. समुद्र गोठलेला असल्याने जहाज येते ते उन्हाळ्याच्या शेवटी, थोडेच दिवस. एरवी टपाल, ताजे अन्न, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, सारे विमानाने. धावपट्टी डांबरी नव्हे, खडीची. जेट इंजिन जमिनीवरील हवा भोवऱ्यासारखी ओढून घेते आणि तिच्याबरोबर खडाही आत गेला तर पाती मोडतात. म्हणून या विमानाला एक खास जोड दिली गेली. पुढच्या चाकाशी उडणारी खडी अडवणारी रुंद पट्टी, आणि इंजिनाच्या तोंडापुढे एक छोटी नळी. नळीतून सुटणारा हवेचा झोत तो भोवरा तयार होण्याआधीच मोडून टाकतो. अशा कित्येक विमानांत पुढच्या भागात माल आणि मागे प्रवासी बसत.

खडीवर चाके जड चालतात, म्हणजे विमानाला वेग घ्यायला अधिक अंतर हवे. पण हिवाळ्यात त्या मुलखात एक मोठी सवलत फुकट मिळते : थंडी.

पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. घनता कमी झाली तर तेवढेच वजन उचलण्यासाठी वेग वाढवावा लागतो. आता हिशेब करू. दाब तोच असेल तर वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. उणे ३० अंश सेल्सिअस म्हणजे २४३ केल्व्हिन, आणि आपल्याकडील एप्रिलमधील दुपारचे ४० अंश म्हणजे ३१३ केल्व्हिन. भागाकार सुमारे १.२९. शिवाय रेझोल्यूटची धावपट्टी समुद्रकाठची, तर चिकलठाण्याची सुमारे ५८० मीटर उंचीवरची. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब जवळजवळ सात टक्के कमी भरतो. दोन्ही परिणाम एकत्र केले की तिथली हवा आपल्या हवेच्या सुमारे १.३८ पट दाट ठरते. उचल तेवढीच हवी, म्हणजे वेगाचा वर्ग १.३८ पट हवा. आणि त्वरण सारखेच धरले तर धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तिथे १००० मीटर धावून उठणाऱ्या विमानाला इथे १३८० मीटर तरी हवेत. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण इंजिनही हवाच ओढून घेते. कडक उन्हात त्याचा रेटा कमी पडतो आणि त्वरणही घटते. (चाकांचे घर्षण आणि हवेचा अवरोध इथे सोडून दिला आहे. वर्गात गणित घेताना हे आवर्जून सांगावे.)

यावर वैमानिकाजवळ उपाय एकच, वजन कमी करणे. इंधन, सामान किंवा माणसे. लेहचा विमानतळ सुमारे ३२५० मीटर उंचीवर असल्याने तिथे हा तिढा रोजचाच असतो. तिथली प्रवासी विमाने मुख्यतः सकाळीच येऊन जातात. अमेरिकेतील फिनिक्स येथे जून २०१७ मध्ये पारा ४८ अंशांपर्यंत चढला, तेव्हा छोट्या बोंबार्डिए जेटची चाळीसच्या वर उड्डाणे रद्द झाली. त्या विमानाच्या उड्डाणाची तापमानमर्यादाच तेवढी होती.

आता आपल्याकडचा अनुभव. २६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे उड्डाण दुपारी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. विमान बोइंग ७३७-२०० च. आत सहा कर्मचाऱ्यांसह ११८ जण. विमान पूर्वेच्या दिशेने धावले आणि जवळजवळ धावपट्टीच्या टोकाशी जमिनीवरून सुटले. टोकापासून सुमारे ४१० फुटांवर, म्हणजे १२५ मीटरवर, बीड रस्ता होता. त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. मराठवाड्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारे असे ट्रक आपण नेहमीच पाहतो. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला, रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर. पुढे ईशान्येकडे सुमारे तीन किलोमीटरवर विमान उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून जमिनीवर कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशीत दोन कारणे निघाली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित ठेवण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे. या दोन कारणांत हवेचे नाव नाही, आणि मला ते बरोबर वाटते. उन्हाळा काही अचानक येत नाही. त्या दिवशीच्या तापमानाला किती वजन चालेल आणि किती वेगाला नाक उचलायचे, हे कोष्टकांवरून आधीच ठरते. एक इंजिन बंद पडले तरी टोकाशी विमान ३५ फूट उंचीवर असावे, अशा बेताने ही कोष्टके बांधलेली असतात. पण नाक ठरल्या वेगाला उचलले जाईल हे त्यांत गृहीत असते. नाक उचलण्याच्या सुमारास विमानाचा वेग सेकंदाला साधारण ७० मीटर असतो. एका सेकंदाच्या उशिराला ७० मीटर धावपट्टी खर्च होते. टोकापासून ट्रकपर्यंतचे १२५ मीटर म्हणजे दोन सेकंदही नव्हेत. उन्हाळ्याने विमानाला टोकाच्या जवळ आणून ठेवले होते, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

या अपघाताची आठवण लोक अजूनही ‘विमान ट्रकला धडकले’ अशी, काहीशा नवलाने काढतात. मला त्यातील दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे वाटते. रस्ता धावपट्टीच्या हद्दीबाहेर होता आणि ट्रक आपल्या वाटेने चालला होता. त्या दुपारी विमानाला मात्र तो रस्ताही हवा होता. टोकापलीकडची जागा मोकळी ठेवायची तर तिचा मालक, तिथला रस्ता, तिथली वस्ती यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होता. मुकुंदवाडीत जमीन संपादनाची बोलणी निघतात तेव्हा तोच पुन्हा समोर येतो.

विद्यार्थ्यांना वरचा हिशेब आपल्या गावाच्या तापमानावर करायला सांगावा. जानेवारीतील पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यातील दुपारचे ४३ अंश, म्हणजे २८३ आणि ३१६ केल्व्हिन. त्याच धावपट्टीवर, त्याच वजनाला धावण्याचे अंतर बारा टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसेल, तेही इंजिनाचा घटलेला रेटा न धरता. मग चिकलठाण्याच्या नकाशावर धावपट्टीच्या दोन्ही टोकांशी काय काय आहे, ते खुणा करून पाहावे.